एका फर्म्याची दोन मिनिटं

— नाही हो मॅडम, माझं नाही ते पाकीट, नातीच्या निकालाचं आहे. मी कशाला देतोय इंग्रजीची परीक्षा या वयात, मला माझ्या नावाची सही येत नाही! वर तिचं नाव आहे ना, तेच. एम.ए.च्या प्रवेशासाठी. आज शेवटचा दिवस, पाचपर्यंत घेता ना तुम्ही? तुमच्या डोक्यावरच्या घड्याळात सव्वाचार झालेत — आकडे येतात मला, अक्षरं नाही येत. आयुष्यभर पानांचे नंबर लावता लावता आकडे तेवढे आले. ती का नाही आली? ती — तिला ताप आहे. कालपासून कणकण आहे अंगात. म्हटलं मीच देऊन येतो, समोरच तर आहे दुकान, विद्यापीठाच्या फाटकाच्या समोर, हिरव्या फळ्यांचं, बाइंडिंगचं. जाता-येता बघितलं असेल तुम्ही. इथले प्रबंध चाळीस वर्षं माझ्याच हातून गेलेत — काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. अक्षरं ठोकतो मी, वाचत नाही. कुणीतरी कागदावर लिहून देतं, मी एकेक अक्षराचा खिळा शोधून तसंच्या तसं ठोकतो, आणि ज्याचा प्रबंध तो पोरगा त्याच्यावर हात फिरवत उभा राहतो, लहान बाळाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि मी म्हणतो, अरे ओलं आहे, ठसे उमटतील —

काय? दुपारी आली होती? ती? इथं, या खिडकीपाशी? निळी ओढणी... मग तीच. मुदत मागायला आली होती होय. मला नाही बोलली काही. मग तुम्ही काय म्हणालात तिला? — नाही, बरोबर आहे तुमचं, नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली की उद्या दहा जण उभे राहतील. ती मग अंगठ्याचं नख चावत उभी राहिली असेल थोडा वेळ, मग गेली असेल. हो ना? लहानपणापासूनची खोड आहे. ... ताप नाही तिला, मॅडम. खोटं बोललो मी. एवढं एक मनात धरू नका, पाकीट तेवढं घ्या.

कुठला शिक्का? तो होय. टपालाचा असेल. आपल्याच टपाल कचेरीचा? तारीख बारा — हो, आणि आज तेवीस. अकरा दिवस झाले. आता टपालवाल्याचं काय सांगावं, कधी आज, कधी उद्या — नाही. नाही, त्या बिचाऱ्यावर नको. भला माणूस आहे तो, पायाला गळू झालं होतं तरी लंगडत येत होता. वेळेवरच आणलं त्यानं. बारा तारखेलाच दुपारी माझ्या हातात दिलं, म्हणाला, काका, बारकीचं आलं बघा, पेढे पाहिजेत. बारकी म्हणतो आम्ही तिला. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण पडलं नाव ते पडलं. बारकी तेव्हा वाचनालयात होती.

तुम्ही मागची कड बघताय. बघा ना, नीट बघा, उजेडात धरा हवं तर. कुठं उचललीय का? सुरकुती दिसते का? खळीचा डाग? नाही दिसायचा. चाळीस वर्षं झाली या हाताला, मी चिकटवलेलं कुणाच्या बापाला —

...

तुम्ही फक्त नाव बघत होता का? मागचं नाव-पत्ता? आणि मी आपला — बरं. आता बोललोच आहे तर. हो, फोडलं मी. फोडलं म्हणजे फाडलं नाही. ओलं फडकं ठेवलं कडेवर, थोडा वेळ थांबलो, मग घडी घालायची हाडाची पट्टी असते आमची, ती सावकाश सरकवली. असं सुटलं की पाकिटालाही कळलं नसेल. मला माहीत होतं फोडायचं नाही म्हणून, बारकीनं दहादा सांगितलं होतं — आबा, पाकीट येईल, त्याला हात लावू नका, तसंच्या तसं खिडकीवर द्यायचं असतं. आत चार आकडे होते. वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि शेवटचा बोलण्याचा. गेल्या वर्षी तिन्हींत पास झाली आणि बोलण्यात सहा पडले. तुम्हाला साडेसहा लागतात. अर्ध्यावरून वर्ष गेलं तिचं. इंग्रजी येत नाही असं नाही हो तिला, आख्खी रात्र वाचत असते, पण समोर परीक्षक बसला की त्याच्या तोंडाकडे बघून हिचे शब्द आत जायचे. शाळा आपल्या भाषेतली, घरात मी असा. बोलणार कुणाशी?

तर माझ्याशी बोलायला लागली. हसू नका. त्या परीक्षेत म्हणे एक विषय देतात आणि दोन मिनिटं न थांबता बोलायचं. हिच्याकडे घड्याळ होतं, पण घड्याळाकडे बघितलं की अडखळायची. मी तेव्हा वाचनालयाची जुनी पुस्तकं शिवत होतो. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात, तो एक फर्मा शिवायला मला बरोबर दोन मिनिटं लागतात, इकडं नाही की तिकडं नाही. मग ठरलं. मी सुई घातली की तिनं सुरू करायचं, मी गाठ मारली की थांबायचं. वर्षभर, मॅडम. दररोज संध्याकाळी सहा फर्मे. मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून तिला भीती नव्हती. मी नुसता तिच्या तोंडाकडे बघायचो, मध्येच मान हलवायचो. ती म्हणायची, आबा, चुकीच्या जागी मान हलवता तुम्ही! एकदा बोलता बोलता रडली. गाठ मारली तरी थांबली नाही. मी दुसरा फर्मा घेतला हळूच. मग विचारलं, कसला विषय होता ग? म्हणाली, काही नाही आबा, लहानपणीच्या एखाद्या वस्तूबद्दल बोला असं होतं. मला वाटतं तिच्या आईची शिवणाची पेटी असावी ती. माझी लेक. गेली ती, हिच्या पाचव्या वर्षी. पण मला काय माहीत? मी मान हलवली.

किती पडले विचारताय? सात. बोलण्यात सात. आकडा ओळखला मी. दोनदा बघितलं.

आणि मग — मग चिकटवलं. आणि शिकंज्याखाली ठेवलं. शिकंजा म्हणजे आमचा दाब असतो, ओली पुस्तकं त्यात दाबून ठेवतात. म्हटलं, आज वाळू दे, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. ती रोज टपाल कचेरीत जायची, तो टपालवाला नेमका पायाच्या गळवानं रजेवर, रिकामी यायची, आणि संध्याकाळी म्हणायची, आबा, नापासच झाले असणार, चला, घ्या सुई. आणि मी सुई घ्यायचो. तुम्हाला वाटेल ती दूर चाललीय म्हणून केलं. दूर कुठं? दहा पावलांचा रस्ता आहे. दूर गेली असती तर चाललं असतं, मॅडम, दूरची माणसं पत्र पाठवतात. पण मी बघितलंय ना. पहिल्या वर्षी पोरं येतात दुकानात, स्टुलावर बसतात, काका, चहा घ्या, काका, आई आजारी आहे. आणि प्रबंध घेऊन येतात तेव्हा गठ्ठा ठेवतात, इंग्रजीत दोन शब्द टाकतात आणि घड्याळ बघतात. वाईट नसतात हो, त्यांचं बोलणं तिकडं राहिलेलं असतं एवढंच. मी म्हटलं, हीसुद्धा एक दिवस फळीवर गठ्ठा ठेवेल आणि घड्याळ बघेल. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. एवढंच रोज म्हटलं. अकरा वेळा.

आज दुपारी बाहेरून आली. इथूनच आली असणार, आता कळतंय. माझ्या हातातून सुई घेतली. म्हणाली, आबा, झालं ते सगळं, आता मी बसते तुमच्याबरोबर, शिकवा मला. आणि शिवायला लागली. चांगलं शिवते, हात आईचा आहे. पण शिवताना ओठ हलत होते तिचे. आवाज नाही, नुसते ओठ. आणि गाठ मारली की थांबले. मला बसवेना हो. शिकंजा सोडला, पाकीट सदऱ्यात घातलं, तिला म्हटलं, दोरा संपलाय, आणतो.

आता हे फोडलेलं पाकीट चालत नाही तुम्हाला. माहीत आहे. पण काही तरी असेल ना नियमात — हो? कोणी फोडलं त्यानं लिहून द्यायचं, आणि तिची सही, आणि पाचच्या आत? मग तुम्ही परीक्षावाल्यांना विचारून घेणार? मग लिहा की तुम्हीच, मी सांगितलं तसं. इंग्रजीत लिहावं लागतं? लिहा, लिहा.

वाचून दाखवा ना एकदा. नाही कळणार, माहीत आहे. पण ऐकायची सवय आहे मला.

...

झालं? एवढंच? मी एवढा वेळ बोललो आणि तिकडं तीन ओळी? धागासुद्धा ओवून झाला नसता! त्यात ते आलं का, मी रोज उद्या म्हणत होतो ते? नाही. नियमाला गरज नाही त्याची. बरोबर. पण घाला ना, मॅडम, जागा आहे खाली. माझ्यासाठी नाही — ती वाचेल सही करायच्या आधी. तोंडानं तिला नाही सांगता यायचं मला... घातलंत? ही ओळ? बरं.

अंगठा उमटत नाही नीट. खळीनं रेघा खाल्ल्यात सगळ्या. परत दाबतो. एवढा चालेल?

साडेचार झाले. आता हा कागद नेऊन तिच्यापुढं ठेवतो. वाचायला दोन मिनिटं लागतील तिला, मी समोर बसेन, तिच्या तोंडाकडे बघत. मान हलवणार नाही या वेळी. मला चालायला वेळ लागतो, पण परत यायचं ते तिला एकटीला यायचंय, आणि ती पळत येईल. माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल, पण येईल. तुम्ही तेवढी खिडकी — हो. हो, रांग आहे मागं. निघालो.