बिनआकड्याचा खेळ

माहं माहेर मालेगावकडचं, बाप रोजमजुरीले जाये, आमी दीक्षा घेतलेले बौद्ध, अन् लग्न करून आली ते इथं शेलूबाजारले. आमचे हे रेडिओ दुरुस्त करत. त्याहिचा एक दोस्त कुवेतले होता, त्यानं एक टीव्ही अन् त्याले जोडून खेळाचा एक जुना डबा देला. आपल्या इकडं अजून टावर नाई, टीव्हीवर काईच दिसत नाई, पन त्या डब्याले बाहेरचं काई लागतच नाई, तारा जोडल्या का पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या अन् मधात एक ठिपका, तोच चेंडू, मूठ फिरवून पट्टी खालीवर करायची अन् चेंडू हानायचा, बस. हे मनले, मंगरूळपीरच्या उरुसात लावू. मी पोटुशी होती. मनले, यंदा नाई चाललं तं डबा इकतो अन् नागपूरले मिलमधी जातो. तुमीच सांगा ताई, पहिलं बाळंतपन अन् मानूस नागपूरले.

तंबू ठोकला तं समोरच अकोल्याचा सलीमभाई, त्याचाही खेळाचा डबा, पन नवा. काय सांगू तुमाले, त्याचा पडदा रंगीत, हिरवं मैदान, चेंडू लागला का टुक आवाज, अन् कोनाचे किती झाले ते आकडे वर आपोआप बदलत. आमचं सारं काळंपांढरं, आवाज नाई, आकडे नाई. लोक मनत, रेडिओवाल्याचा डबा मुका हाय, त्याले दवाखान्यात न्या. हे सारखे तारा खोलून पाहत. मी मनलं, कायले खोलून राह्यले, जे त्याच्यात नाईच ते निंगन कुठून.

दुसऱ्या दिवशी एक सासरा अन् जावई आले, समोर लय गर्दी मनून आमच्याकडं. खेळता खेळता जुंपली त्यायची, सासरा मने माहे पाच झाले, जावई मने मामाजी, पाच कुठचे, तीन. पडद्यावर आकडाच नाई तं खरं कोन सांगन. मी मांगं पोत्यावर बसून पाहतच होती, चार मानसात बोलाची लाज वाटे, पन ते उठून चालले मनून उभी राह्यली अन् मनलं, मामाजीचे चार, जावईबापूचे तीन, बसा खाली. बसले ना. मंग मी थांबलीच नाई. मामाजीनं हानला, जावईबापू हुकले, सासरवाडीचे लाडू जास्त झाले वाटते. लोक हासाले लागले, बाहेरचे आत आले. मंग जो येये तो पयले आपलं नाव सांगे, मने वहिनी, मोठ्यानं घेजा.

सांजेले सलीमभाई आला. मने भाभी, मेरे यहाँ आकडे हैं, फिर भी लोग पूछते हैं बोलनेवाली बाई कुठं हाय, आप उधर बैठो. ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी मनलं, भाई, आपला डबा टाकून मी येत नाई, तुमचाच उचलून इकडं आना. आनला त्यानं. एका तंबूत दोन डबे, घसा बसला तरी मी दोन्हीकडचं बोलली.

उरुसात चार पैसे निंगाले, हे नागपूरले गेले नाई. आता आमच्या डब्याची एक पट्टी थरथरते, चालन तवरोक चालन. पोरगी चार महिन्याची हाय, रडाले लागली का सासू मनते आईवर गेली, सारी आळी गोळा करते. मी मनलं रडू द्या, ऐकाले बाप घरी हाय.