सुभानरावांच्या तळहातावरच्या सुपाऱ्या

मंडळी, आधी एक प्रश्न! माझा नाही हं, माझ्या मैत्रिणींचा. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "फेटा बांधून कीर्तनात मिरवतेस ना? मग हे मोठ्या माणसांना विचारून दाखव!" घ्या, विचारते! माणसाला धाक घालून चांगलं वागायला लावलं, तर तो चांगला झाला — की नुसता घाबरला?

बघा, पुढची रांग एकमेकांकडे बघतेय! मागची हसतेय! ऐका मग.

बोरघळ नावाचं चिमुकलं राज्य होतं. नकाशात शोधू नका, गोष्टीतलं आहे! राजा गादी सोडून गेला. लोक म्हणाले, "आता राज्य आपलं!" पण चालवायचं कसं? तेव्हा लोकांनी कारभारी नेमलेल्या सुभानरावांनी पहिले कायदे लिहिले. मत द्यायची रीतही त्यांचीच. देवळाच्या ओट्यावर मडकं, त्यावर फडकं. फडक्याखाली हात घालायचा. होकार असेल तर अख्खी सुपारी, नकार असेल तर कापलेली. कुणी काय टाकलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही — कारभाऱ्यानंसुद्धा!

छान ना? पण सुभानरावांना चैन कुठे! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या! लोक स्वतंत्र झाले, आणि करतात काय? पारावर पत्ते! विड्यांचा धूर! "छे! यासाठी राज्य मिळवलं?" बसले, नवा कायदा लिहिला — पत्ते बंद, विडी बंद, पहाटे सगळ्यांनी भजनाला यायचं. जो येणार नाही, त्याचं मत काढून घ्यायचं!

तबलजीकाका, हसताय काय? तुम्ही उठता का पहाटे?

या कायद्यावर मत घ्यायला सभा भरली; राव मडक्याशेजारीच उभे. पहिला आला म्हातारा गणू सुतार. म्हणाला, "रावसाहेब, तुमच्यापुढं लपवाछपवी कसली? ही घ्या!" आणि अख्खी सुपारी ठेवली थेट सुभानरावांच्या तळहातावर! प्रेमानं हो! त्याच्यामागे दुसरा, तिसरा, दहावा... रावांचं उपरणं भरलं, मडकं रिकामं!

घरी आले ते जवळजवळ नाचतच. "अगं, एकही नकार नाही!"

बायको म्हाळसाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांत बघून कापलेली कोण ठेवील?"

"म्हणजे लोक खोटं बोलले?"

"लाजले. उद्या तुम्ही घरी थांबा, नुसतं मडकं पाठवा."

"आणि तू कुठली टाकशील?"

"ते तुम्हाला कशाला सांगू? कायदा कुणी लिहिला?"



दुसऱ्या दिवशी राव घरात, मडकं ओट्यावर. बसवेना, उठवेना! दारापर्यंत जावं, परत यावं. मडक्यातून नकार निघाला तर कायदा जाणार. आणि होकार निघाला तर? न उठणाऱ्याचं मत जाणार!

शेवटी गणू सुतार मडकं घेऊन आला, मान खाली घालून. ओतलं. तीन अख्ख्या! बाकी सगळ्या कापलेल्या!

राव लालबुंद! "गणू, तुझी कुठली?" अगदी ओठांवर आलं होतं, मंडळी! विचारलं असतं तर? त्याच क्षणी राज्य बुडालं असतं! नाही विचारलं. कायद्याचा कागद फाडला. दुसरा घेतला, त्यावर लिहिलं, 'मी पहाटे उठेन. मी विडी सोडेन.' हो, स्वतः ओढायचे! खाली सही एकच, स्वतःची.

म्हणाले, "गणू, राज्यानं माणसाच्या मनातला धाक काढायचा. चांगलं व्हायचं ते ज्याचं त्यानं."

गणू म्हणाला, "मग मीबी येतो भजनाला. पण हाक मारायला येऊ नका हं!"

आता तुम्ही सांगा. घरात "सगळ्यांना चालेल ना?" असं विचारता, तेव्हा डोळे केवढे करून विचारता?

आई, बाबा, तुम्हीही ऐका. दहावीच्या वर्षी कीर्तन बंद, असं आपल्याकडे ठरलं. मी मान डोलावली, तुम्हाला किती बरं वाटलं! पण ती मान तुमचा चेहरा बघून हलली होती. माझं ठरलंय — मी कीर्तन सोडणार नाही. अभ्यास करीन, आणि कुणी मागे न लागता करीन.

अहो, थांबा, टाळ्या नकोत! तुम्ही टाळ्या वाजवल्यात तर ते दोघं 'नाही' कसं म्हणतील? बाबा, आत्ता मान हलवू नका. घरी बोलू. तिथे खुशाल 'नाही' म्हणा — मी भांडेन, पण ऐकून घेईन!