चौऱ्याण्णव टक्के

(फिजिओथेरपीची खोली. जमिनीवर लांब मोजपट्टी चिकटवलेली. तिच्या टोकाशी अर्ध्या चड्डीत उभा असलेला फिटर, टेबलापाशी फिजिओ, दाराजवळच्या खुर्चीत फिटरचा मेव्हणा.)

फिजिओ: म्हणजे कळलं तेव्हा तुम्ही इथेच होतात?

फिटर: याच टेबलावर. ऑपरेशनला साडेतीन महिने झाले होते. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. याचा फोन आला.

मेव्हणा: मी म्हणालो, दाजी, असाल तसे निघा.

फिटर: नाही. तू म्हणालास, ताई गेली. निघा असं तू नंतर म्हणालास.

मेव्हणा: असेल. मला आठवत नाही.

फिटर: मला आठवतं. पिशवी परत दिली, वहीत सही केली, बुटाची लेस बांधली. लेस बांधायला नको होती. उगाच दोन मिनिटं गेली.

फिजिओ: त्यानंतर फाईल कोरीच आहे. माझ्या आधी इथे जे होते त्यांनी पुढे काही लिहिलेलं नाही. साडेपाच महिने.

फिटर: आलो नाही. पण व्यायाम सोडला नाही. त्यांनी कागद दिला होता, त्यावरचं सगळं केलं. दिवसातून तीनदा.

मेव्हणा: हे खरं आहे, मॅडम. घरात माणसं भरलेली, रडारड चाललेली, आणि हे आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून गुडघा वाकवतायत. आमची मावशी म्हणाली, याला झालंय तरी काय.

फिटर: वेळ झाली होती.

फिजिओ: बरं. आणि आज परवानगीचा फॉर्म हवाय.

मेव्हणा: रविवारी बॅडमिंटनचं डबल्स आहे. पन्नाशीवरच्यांचं. अठरा वर्षं आमची एकच जोडी, मी पुढे, हे मागे. क्लबवाले म्हणतात, तुमची सही नसेल तर कोर्टवर पाय ठेवू देणार नाही.

फिजिओ: मग उडी बघू. एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं. डुगडुगलात तर ती उडी मोजणार नाही. आधी उजवा, चांगला पाय.

फिटर: घ्या.

फिजिओ: एकशे चार सेंटिमीटर. आता डावा, ऑपरेशनचा. घाई करू नका.

मेव्हणा: शटल पडतंय, दाजी. उचला.

फिटर: तू गप्प बस.

फिजिओ: अठ्ठ्याण्णव. उतरलात पण छान. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. नव्वदच्या वर असलं की आम्ही खेळायला सोडतो.

मेव्हणा: झालं तर मग. पेन देऊ का?

फिटर: हे टक्के कशाचे?

फिजिओ: डाव्याचे, उजव्याच्या तुलनेत. उजव्याला शंभर धरायचं.

फिटर: म्हणजे उजवा तुमचा गेज.

फिजिओ: गेज?

फिटर: कारखान्यात प्रत्येक नग एका पक्क्या मापाला लावून बघतो आम्ही. ते माप म्हणजे गेज. पण गेजही मधून मधून तपासावा लागतो. तो झिजला की खराब नग पास होत राहतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. उजव्याचं जुनं माप आहे तुमच्याकडे?

मेव्हणा: दाजी, पास झालायत तुम्ही. पास झालेला पोरगा कधी म्हणतो का, पेपर पुन्हा तपासा?

फिजिओ: थांबा हं. ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाची उडी मोजून ठेवतात. पहिल्या पानावर असेल. हो, आहे. एकशे बत्तीस.

फिटर: आज एकशे चार.

फिजिओ: हो. हे पान मी आधी उघडायला हवं होतं.

फिटर: अठ्ठावीसनं कमी. मग डाव्याचे खरे टक्के किती?

फिजिओ: चौऱ्याहत्तर.

मेव्हणा: पण उजव्याला काय धाड भरली? त्याला तर कोणी हातसुद्धा लावला नाही.

फिजिओ: म्हणूनच. चालणं, जिने चढणं, बाकीचं सगळं बंद होतं का?

फिटर: कंपनीची बस दारात येते. दिवसभर बाकावर बसून काम. संध्याकाळी घरी. जायचं कुठे होतं.

फिजिओ: आणि व्यायाम फक्त डाव्याचे.

फिटर: कागदावर डावाच होता. ही होती तेव्हा दोन्हींचे व्हायचे. डाव्याचे पंधरा झाले की म्हणायची, आता त्याचे करा, नाहीतर रुसेल तो. मी म्हणायचो, कागदावर नाहीये. ती म्हणायची, कागद चढणार आहे का जिना? मग करून टाकायचो, वाद नको म्हणून. ती गेल्यावर कागदाप्रमाणे केलं.

मेव्हणा: मॅडम, एक विचारू? यांनी रविवारी मागे नुसतं उभं राहिलं तर? पळापळ मी करेन.

फिजिओ: आणि शटल तुमच्या डोक्यावरून गेलं की हे पळणार नाहीत?

मेव्हणा: पळतील.

फिटर: पळेन.

मेव्हणा: तुम्हाला खरं सांगतो. मला त्या कपाची हाव नाही. अठरा वर्षांत आम्ही दुसरी फेरी दोनदाच बघितलीय. पण ताई गेल्यापासून यांच्या घरी गेलो की चहा, पेपर, आणि मग, निघतोस का. कोर्टवर निदान शिव्या देतात मला.

फिटर: तू नेटला पालीसारखा चिकटतोस, म्हणून देतो.

मेव्हणा: बघा. सहा महिन्यांत माझ्याशी एवढं पहिल्यांदा बोलले.

फिजिओ: आजच्या उड्यांवर हा फॉर्म नियमात बसतो. पण माझं मत विचाराल तर नको. तीन महिने दोन्ही पायांवर काम करा, मग पुन्हा मोजू. आता खेळलात आणि लिगामेंट परत तुटलं, तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तेच पहिल्यापासून.

मेव्हणा: दाजी, तुम्हाला पण यायचंय. काल रॅकेटला नवी ग्रिप लावलीत, मी बघितलं.

फिटर: यायचंय. नाहीतर इथे आलोच नसतो. सही करू नका, मॅडम.

मेव्हणा: मग रविवारी माझ्याबरोबर कोण?

फिटर: तुझा तो शेजारी. बँकवाला.

मेव्हणा: तो फार सभ्य आहे. माझा पॉइंट गेला की मलाच सॉरी म्हणतो.

फिटर: मी येऊन बसेन बाहेर. शिव्या खुर्चीतूनही देता येतात.

मेव्हणा: साडेआठला आहे. नऊला आलात तर आम्ही हरून घरी गेलेलो असू.

फिटर: आठला येतो.

फिजिओ: मग फॉर्म तसाच परत पाठवते. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू?

फिटर: आहे ते लिहा. डाव्याचं काम चालू आहे. उजव्याचं अजून सुरूच केलेलं नाही.