आत्मारामांची कडी अडकली तेव्हा

...आणि कडी अडकली म्हणून कोणी पोलिसांना बोलावतं का, असं तुम्ही म्हणणार, माहितीये मला, पण तुम्हाला सांगतो, पूनम सागर सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर बाथरूममध्ये टॉवेल गुंडाळून उभे असलेले आत्माराम परब दुसरं करणार तरी काय होते? सकाळचे अकरा, बाहेर गॅसवर दूध, घरात दुसरं माणूस नाही, बायको जाऊन दोन वर्षं झालेली... मोबाइल तेवढा हातात, कारण मुलीची सक्ती, बाबा, घसरलात तर? मग पहिला फोन तिलाच ना! तर स्वप्नाली बेंगळुरूला, मीटिंगमध्ये, तिने कट करून मेसेज टाकला, नंतर बोलते. आता करणार काय?

एकशेबारा लावला. इतकी वर्षं हेच आत्माराम टीव्हीला ऐकवायचे, पोलिसांना आज फोन करा, ते पुढच्या गणपतीत येतील! पण पलीकडच्या मुलीने लगेच उचलला. चोर आहे का, नाही. मारामारी, नाही. आग?

"अजून नाही," आत्माराम म्हणाले, "पण दूध वर येतंय."

शेजाऱ्यांना हाक मारा ना, ती म्हणाली. अहो, पण नाव कोणाला माहीत? सात वर्षं लिफ्टमध्ये नुसतं 'कैसे हो अंकल' आणि 'बढिया'... समोरच्याला हाक काय मारणार, बढिया म्हणून?

अकराव्या मिनिटाला दोन पोलिस हजर. लॅच तोडलं, गॅस बंद केला, काळंठिक्कर पातेलं खिडकीत ठेवलं, कडी उचकटली. समोरचं दार फटीएवढं उघडलं, 'क्या हुआ अंकल' म्हणालं, मिटलं. आत्माराम घाईघाईने शर्ट घालून आले, चहा घ्या म्हणाले, कोरा चालेल ना?

"काका, सिल्व्हर पार्कला भांडण लागलंय," मिनल नावाच्या हवालदार मॅडम म्हणाल्या, "पण एक चावी कोणाकडे तरी ठेवा हं."

गेले. आणि घर मघापेक्षा जास्त रिकामं, तुम्हाला सांगतो! आता करणार काय?

दुसऱ्या दिवशी फोन. बाईचा गोड आवाज, काल आपल्याला मदत वेळेत मिळाली का? आत्माराम सुरूच झाले, हो हो मिळाली, मॅडमना सांगा, पातेलं घासून निघालं, लॅच नवं बसवलं, चावी कोणाला द्यायची तेवढं ठरत नाहीये... मग मुलीचं, मग बायकोचं, मग गुडघ्याचं, आणि मध्येच आवाज म्हणाला, "आपण कोणतेही बटण दाबलेले नाही."

रेकॉर्डिंग हो! समाधानी असाल तर एक, नसाल तर दोन, पुन्हा ऐकायचं असेल तर नऊ.

आता करणार काय... आत्मारामांनी नऊ दाबलं.