विश्वंभरअण्णांच्या बैठका

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, नाहीतर मला आत्ताच घरी जावं लागेल. सोसणं संपतं कुठे आणि खोटं बोलणं सुरू कुठे होतं?

विचार करा. तोवर ऐका.

आमच्या गावात विश्वंभरअण्णा तांबवेकर. वय सहासष्ट. भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज. आता पखवाज म्हणजे मांडी घालून बसणं आलं — आणि अण्णांचे गुडघे! उठताना असे वाजायचे की टाळकऱ्यांचा ठेका चुकावा.

मंडळाचे प्रमुख माधवबुवा. त्यांनी नियम केला — सप्ताहात ज्याला मांडी जमणार नाही, त्याने खुर्चीवर कडेला बसून झांज वाजवावी. आणि पखवाज? तो अण्णांच्या साडूकडे! साडू, मंडळी! माणूस एकवेळ नरकात जाईल, पण आपला पखवाज साडूच्या मांडीवर बघणार नाही.

सप्ताहाला उरले पाच आठवडे. अण्णा थेट व्यायामशाळेत गेले आणि स्वतःसाठी एक ट्रेनर लावला. यशोधन. वय चोवीस, दंड केळीच्या खुंटासारखे. पहिल्या दिवशी अण्णांनी त्याला नारळ दिला, शाल पांघरवली, पाया पडायला वाकले — ते कमरेपर्यंतच, पुढचा रस्ता बंद होता. पोरगं शाल पांघरून आरशासमोर उभं! घाबरून एवढंच म्हणालं, “काका, दुखलं तर लगेच सांगा हं.”

आता इथे घोळ झाला. अण्णा पखवाज शिकले ते जुन्या रीतीने. गुरूंनी विचारायचं, बोटं दुखतात का रे? आणि शिष्याने म्हणायचं, नाही. जो ‘हो’ म्हणाला, तो परत झांजेवर. अण्णांना वाटलं, परीक्षा चालली आहे! म्हणाले, “छे, काही दुखत नाही.”

दुसरी रीत अशी, की बोल आधी गुरूने वाजवायचा, मग शिष्याने. त्यामुळे अण्णांनी आग्रह धरला — बैठका आधी तुम्ही मारायच्या, मग मी. बारा त्याच्या, बारा यांच्या. यशोधनला वाटलं, काय गुडघे आहेत म्हाताऱ्याचे! त्याने वीस केल्या. मग तीस. अण्णांचा चेहरा निर्विकार. रोज घरी जाऊन मात्र ते जिना बसून चढायचे. बसून, मंडळी! पाठमोरे! एकेक पायरी!

विसाव्या दिवशी दोघं समोरासमोर खाली बसले. आणि वर कोणीच आलं नाही.

पंखा फिरतोय. आरशातली धरून चार माणसं उकिडवी.

“काका, उठा.”

“तुम्ही आधी. गुरू आधी.”

मग यशोधन हळूच म्हणाला, “काका, कबड्डीत माझा गुडघा गेलाय. तीन वर्षं झाली. मालकाला कळलं तर मला कोण ठेवील?”

धक्का! अहो, वैद्यच आजारी! आणि त्याला तीस-तीस बैठका मारायला लावणारा कोण? तर ज्याला स्वतःला एकही झेपत नव्हती तो!

“माझे सहा वर्षांपूर्वी गेलेत,” अण्णा म्हणाले. “दोन्ही.”

फरशी पुसणाऱ्या शेवंताबाईंनी दोघांना एकेक करून उपसून काढलं. म्हणाल्या, “तोंड काय फक्त जेवायला दिलंय का तुम्हांला?”

मग यशोधनने अण्णांना डॉक्टरकडे नेलं, आणि लाजत लाजत स्वतःचाही गुडघा दाखवला. दोघांच्याही बैठका बंद. आडवं पडून पाय उचलणं, खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, एवढंच सुरू. आणि अण्णांना आणखी एक — मांडी घालायची नाही.

संपलं? पखवाज गेला?

अण्णा मंडळाच्या बैठकीत उभे राहिले. साडू शेजारीच, नवं धोतर नेसून. अण्णा म्हणाले, “मांडी घातली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्हांला ते भक्तीचं वाटायचं. पखवाज द्यायचा तर खुर्चीसकट द्या.”

बुवा छताकडे बघतायत. मग म्हणाले, “माझ्यासाठी पण एक मागव.”

माधवबुवा! नियम करणारे! चार वर्षं हा माणूस उभ्याने भजन म्हणत होता आणि आम्ही म्हणायचो, काय ती भावावस्था! तो भाव नव्हता मंडळी, त्यांना बसता येत नव्हतं! शेजारून साडू म्हणाला, तीन सांगा. अकरा जणांचं मंडळ, नऊ खुर्च्या आल्या. अण्णांनी पखवाज स्टुलावर ठेवून असा वाजवला, की बुवा खुर्चीतून उठले — या वेळी खरोखर भावाने.

तर उत्तर मिळालं? विचारल्यावरही जे सांगत नाही, ते सोसणं नव्हे. ते खोटं. आणि त्या खोट्यापायी समोरचाही मोडतो.

आता तुमच्याकडे येतो. तासभर मांडी घालून बसलायत, चेहऱ्यावर काय ती शांती! ज्याचं दुखतंय त्याने आत्ता पाय पसरावेत. देवाकडे पाय होतात? मग तिरके बसा. चला.

कोणीच नाही? एवढ्या गुडघ्यांत एकही खरा नाही?

हां — त्या खांबाजवळच्या आजींनी पसरले. आख्यान त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून सांगतो.