मंद्रूपचं गिऱ्हाईक

...आन वर मलाच म्हनती, "जा, तळ्याकाठी जाऊन बसा, बोलवल्याबिगर घराकडं फिरकू नगासा!" बायकू ओ माजी, चंद्रव्वा! माज्याच घरातनं मला भाईर काढलं, का? तर घर बघाय लोकं येनार हायेत! सरका की जरा, बसतो. तुमी समदे फिराय आलाय न्हवं? मंग ऐका, कुनाला तरी सांगाय पायजे.

त्येचं असं हाय, आमचं घर वरच्या मजल्याला. जिना असला उभा, की देवळाच्या शिखरावर चढल्यागत! चंद्रव्वाचं दोनी गुडघं गेलं. भाजीला खाली उतरली की वर येताना तिसऱ्या पायरीवर बसती, "अय्यो शिवने" म्हनती, उठती, परत बसती... बघवत न्हाई ओ. मंद्रूपला तिच्या भनीच्या, नागम्माच्या शेजारी दोन खोल्या हायेत, खालीच, अंगनासकट. मालक म्हनला, सोमवारपतुर थांबतो, मंग दुसऱ्याला देतो. आज कुटला वार? शनवार! म्हंजी आमचं घर इकलं तर तिचं गुडघं सुटलं, न्हाई तर जिना हायेच मरूस्तवर.

मंग इका की, त्यात काय? व्हय, इका! पर एजंट कुनाला धरायचा? तिगं आलं दारात. तिगं बी ग्वाड. तिगं बी, "घरचंच समजा, अप्पा!" आता मानूस वळकायचा कसा, सांगा की! वांगं असतं तर दाबून बघितलं असतं, देठ बघितलं असतं... एजंटाचं काय दाबायचं?

म्हनलं, परीक्षा घिऊ. आता तुमच्यापशी लपवून काय उपेग, मला खोड हाय. पाच दिसांनी येनारं नळाचं पानी तिसऱ्याच दिशी आलं म्हनून बोंब ठोकून अख्ख्या गल्लीला घागरी घिऊन रस्त्यात हुबं करनारा ह्योच शिवलिंगप्पा! मंग काय, माजा नंबर तिगांकडं बी हाय, म्हनून चंद्रव्वाचा फोन हळूच उचलला, गच्चीवर गेलो, तोंडाला रुमाल धरला, आवाज केला जाड... "हलूऽ, मी मंद्रूपचा प्रभुलिंग बोलतूय. सोलापुरात घर पायजे मला."

पयला येडू नावाचा. म्हनतो कसा, "या की मालक! एक घर हाय बघा, म्हातारं जरा खुळं हाय, दोन वेळा च्या प्यायलो की पाडून घेतो किंमत!" खुळं! अवं, सकाळीच माज्या घरात दोन कप ढोसून गेलाता की! म्हंजी कामाला लागलावता त्यो! काटला त्याला.

दुसरा महेश्वर. ह्यो सावकाश बोलनारा, एक शब्द टाकला की दुसरा गावावरनं यायचा. "घर... चांगलं हाय काका. पर आधीच सांगतो... पावसात जिन्याजवळची भिंत वल धरती. बघून घ्या." मी रुमाल चावला! ती भिंत झाकाय मी एकावर एक तीन क्यालेंडरं लावल्यात, आन ह्यो उघडं करतोय! ह्येला एजंट म्हनायचं का कोर्टातला साक्षीदार? ह्येला बी काटला. मानूस वळकायचा कसा, सांगा की!

तिसरी उत्कर्षा म्याडम. हापिसात एसी, दारात कुंडी. आन बोलनं? अहाहा! "काका, घर नाही हो, नशीब आहे नशीब! सकाळचं ऊन थेट ओट्यावर. संक्रांतीला गॅलरीत उभं राहिलं की यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज दिसतात. आणि राहणारे काका-काकू इतके प्रेमळ, चाळीस वर्षांत एक भांडण नाही!" आता भांडनाचं सोडा, हितं कपाळाला हात लावून बघा, लाटन्याची खून हाय... पर तुमाला सांगतो, ऐकता ऐकता माजं डोळं भरलं ओ! असलं घर? आन आपुन इकाय निघालो? ऱ्हावलंच न्हाई, रुमालातनं वरडलो, "घेतलं म्याडम! कुनी किती बी देऊ द्या, वर एक लाख प्रभुलिंगचा!"

तितं चुकलं.

कारन खरं गिऱ्हाईक तिच्याकडंच होतं. नातेपुत्याचं एक मास्तर. दोनदा घर बघून गेलेलं, बायकूनं कपाट कुटं ठिवायचं ते बी ठरवलेलं. म्याडमनं त्यास्नी सांगितलं, "थांबा, मंद्रूपची पार्टी जास्त देतेय." मास्तर तापलं, उठून गेलं.

आन काल म्याडम पेढं घिऊन घरी! "काका, प्रभुलिंग पक्के! थांबा, तुमच्यासमोरच बोलते." मी म्हनतोय, "कशाला, जेवत असतील, झोपलं असतील, मेलं असतील..." लावला की फोन! आन चंद्रव्वाच्या पिशवीत शिवाचं भजन सुरू! तिनं उचलला. "कोन पायजे? प्रभुलिंग? हितं कुनी प्रभुलिंग न्हाई, बाई." दोगी समोरासमोर बसलेल्या, दोगींच्या कानाला फोन, मधी मी... तोंडात पेढा! गिळवंना बी, थुकवंना बी!

म्याडम पेढं उचलून गेली. चंद्रव्वा? ती वळली माज्याकडं. चाळीस वर्सं वळकती मला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हनली, "मी नागम्माला सांगितलंवतं ओ, सोमवारी येतो म्हनून."

मंग मला समदं वकाय लावलं. येडू काय म्हनला, महेश्वर काय म्हनला. ऐकलं, उठली, आन कठड्याला धरून येक येक पायरी उतरून सोता गेली महेश्वरकडं. "भिंतीचं खरं सांगनारा पायजे मला." झालं! मी डोकं लावून लावून दमलो, तिनं येका वाक्यात निवडला. तिनीबी क्यालेंडरं खाली. महेश्वरनं चंद्रव्वाकडनं मास्तरचा नंबर घेतला, फोन करून हाय तसं सांगितलं, आन मास्तर यायला तयार की! आज चार वाजता. महेश्वरची अट येकच, अप्पा घरात नसाय पायजे.

किती वाजलं? साडेपाच! मंग अजून बोलावनं कसं न्हाई? माजा फोन बी तिनं काढून घेतलाय. द्या की जरा तुमचा... नंबर पाठ हाय मला, वाचाय येत नसलं म्हनून काय झालं... वाजतोय... हलू! चंद्रव्वा? अगं मी! मी बोलतूय! काय झालं घराचं?

...

ठिवला की.

म्हनली, "कोन, प्रभुलिंग का? उशीर केलासा ओ. घर इकलं."

आता ह्ये खरं का माजी चेष्टा? चाळीस वर्सांत कदी चेष्टा केली न्हवती ओ तिनं... मानूस वळकायचा कसा, सांगा की! घ्या तुमचा फोन. बसतो म्या हितंच.