बटन दाबणारा एक

न्हाई, तुम्हीच सांगा, माणसानं कंप्युटरवर लाल दाबलं तर लाल लागावं की न्हाई? सुग्रीवभाऊच्या घरी हिरवं लागायचं! हिरवं दाबलं की लाल! आता तुम्ही म्हणसाल कोण सुग्रीव... अहो शहागडला हायवेला लागून विहिरीच्या जळक्या मोटारीत नवी तार भरून देणारं दुकान हाय न्हाई का, मागंच घर, तोच! लग्न झालं न्हाई, आई आसराबाई गेल्या साली वारली, धाकटा भाऊ रायभान बायको-पोरगी घेऊन पुण्याला. सगळ्या घरात माणूस एक. अन् त्याला सुचलं काय, तर लाईट!

तुम्हाला सांगतो, रायभानचा फोन आल्ता, "दादा, यंदा दिवाळीला येतो, छकुलीला घेऊन." बस! सुग्रीवभाऊनं पाईप उभे चिरले, आतून एलईडीच्या पट्ट्या चिटकवल्या, वरून दुधी प्लास्टिक, अन् अशा नळ्या फाटकापासून ओसरीपर्यंत रांगेनं उभ्या केल्या. बरं, जग लावतं तशी पिन बोर्डात घालून मोकळं व्हावं? न्हाई! नाटकाच्या स्टेजवरचे लाईट ज्या सॉफ्टवेअरवर चालवतात, याला तेच पाहिजे. का? तर छकुलीनं फाटकात पाय टाकला की उजेड तिच्या पुढं पुढं पळत ओसरीवर गेला पाहिजे!

अन् ते सॉफ्टवेअर म्हंजी... प्रत्येक नळीला पत्ता द्या म्हणतं, पोस्टमनसारखं! दोघींना एकच पत्ता दिला की दोघी जुळ्या बहिणीसारख्या एकदम लाजणार, एकदम विझणार. अन् एवढ्या पत्त्यांच्या गावाचं नाव काय, तर युनिव्हर्स! त्यात पाचशे बारा चॅनल. पाचशे बारा! अन् बोलायला शेजारच्या गिरिजाबाई, त्याबी म्हशीपुरत्या.

लाल-हिरव्याचा घोळ मिटला, पट्टी बनवणाऱ्यानंच रंग उलटे जोडल्ते. मंग शेवटच्या नळीला वीज पुरेना, पांढरं म्हणलं की पिवळं पडायचं, तिला दुसरीकडून वायर ओढली. झालं सगळं बराबर. अन् खरी गंमत तिथून सुरू!

लॅपटॉप माजघरात, उजेड अंगणात. आत बटन दाबायचं, ओसरी उतरायची, फाटकाकडं पळत सुटायचं, तवर खेळ खलास! पुन्हा आत, पुन्हा बटन, पुन्हा पळ... बटन दाबणारा एक, मंग बघायला कोण? मोबाईलवरून? केलं की! वायफाय पायरीपर्यंतच जातं. सतत फिरतं ठेवायचं? ठेवलं! पण ते स्वागत वाटंना, रसवंती वाटून राह्यली.

शेवटी गिरिजाबाईला हाक मारली. "काकू, फाटकात उभ्या ऱ्हावा, मी आतून लावतो." आतून वरडला, "दिसलं का?"

"दिसलं."

"कसं दिसलं?"

"बरं दिसलं. बंद कर आता, उजेडाला बिचकून म्हैस पान्हवंना गेली!"

घ्या! बटन दाबणारा एक, मंग बघायला कोण?

दिवाळीच्या दिवशी याच्या पुऱ्या तळून झाल्या, वरण झालं, भात झाला, अन् रायभानचा फोन. "दादा, अरे रेणुकाच्या माहेरी जावं लागून राह्यलं रे... पुढल्या वर्षी पक्कं."

"बरं बरं. काय न्हाई."

"लाईट लावलेत म्हणं तू? व्हिडिओ टाक की!"

व्हिडिओ टाक! फाटकात मोबाईल धरायला एक माणूस, आत बटनाला एक... जाऊ द्या. भाऊनं लाईट फिरते ठेवले अन् दिवस बुडता बुडता एकटाच फाटकात उभा राह्यला. उजेड त्याच्या पायापासून निघायचा, पळत ओसरीवर जायचा, अन् ओसरीवर कुणीच न्हाई म्हणून परत यायचा.

तेवढ्यात करकचून ब्रेक! झगमगाट बघून ट्रक थांबला, दोन डायव्हर उतरले. "भैया, खाना मिलेगा? दिवाली है, सब ढाबे बंद हैं."

आता हे घर हाय, ढाबा न्हाई, एवढंच सांगायचं होतं. भाऊनं तोंड उघडलं अन् म्हणला, "मिलेगा!"

ओसरीवर ताटं मांडली. अन् तुम्हाला सांगतो, भाऊ पळतच आत गेला... बघायला दोन दोन माणसं! फिरतं बंद करून दाबलं स्वागताचं बटन! अन् खिडकीतून मान काढून बघतो, तर मोठ्या डायव्हरनं डोळ्यावर हात धरलेला.

"भैया, ये बंद करो ना. रातभर सामने की गाड़ियों से यही आँख में आता है!"

भाऊनं केलं बंद. ओसरीचा साधा बल्ब लावला, पुऱ्या वाढल्या, समोर बसला.

"दाल अच्छी है," डायव्हर म्हणला, "नमक थोड़ा कम है."

आसराबाई गेल्यापासून याच्या वरणाला कुणी बरं-वाईट काहीच म्हणलं नव्हतं हो! भाऊ उठला, मिठाची बरणीच घेऊन आला, अन् म्हणला, "आराम से. और भात है."

दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रक, तिसऱ्या दिवशी दोन! गिरिजाबाई म्हणती, "खुळा झाला काय रे?" झाला तर झाला. आता रोज दिवेलागणीला भाऊ लाईट लावतो, ट्रक थांबला की बंद करतो. पण कुणी म्हणतो मीठ कमी, कुणी म्हणतो जास्त. आता काय करावं, पाचशे बारा चॅनल जमले हो, वरण काय अजून जमून न्हाई राह्यलं!